मांडीवरून नेलेली ताटली

प्रिय रझियाआपा,

एक्स-रे यंत्र चालू केलंय. स्कॅन संपायला अजून वेळ आहे आणि लॅबमध्ये मी एकटीच आहे. तुम्ही असता तर एवढ्या वेळात चहा मागवला असता आणि माझ्या लग्नाचा विषय काढला असता. आज तोही चालला असता मला. नुसतं पडद्याकडे बघत बसले तर वेड लागेल, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

गजूच्या क्रशरवरचा धुळीचा फिल्टर पुन्हा तपासायला आलाय. गजू, माझा धाकटा भाऊ. ईदला तुमच्याकडे शीरखुर्म्याच्या तीन वाट्या रिचवून चौथीसाठी मान खाली घालून बसायचा, तोच. बाभुळगाव सोडून गिट्टीच्या मशीनवर लागला तेव्हा तुम्हीच त्याला म्हणाला होता, "तोंडाले रुमाल बांधत जाय रे बाबू." बांधतो कुठे? आता खोकतो. सकाळी उठल्यावर आधी खोकला, मग गजू.

परवा मी रागावले तर म्हणाला, "ताई, तू कायले एवढी भेऊन राह्यली? मुकादम रोज गूळ देते आमाले. गूळ खाल्ला का धूळ उतरते. अन् आपानं रिपोर्ट देला ना चांगला?"

त्या रिपोर्टवर तुमची सही आहे, आपा. क्वार्ट्झ मर्यादेच्या आत. मालकाने तो ऑफिसात भिंतीला चिकटवला आणि पाण्याचे फवारे बंद करून टाकले. क्वार्ट्झची बारीक धूळ एकदा फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही, हे मला तुम्हीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. गुळाने तर नाहीच येत.

आज गजूचा फिल्टर यंत्रात ठेवताना हात अडला. म्हटलं, आधी मानक पावडर लावून यंत्र तपासू. ज्या सिलिकॉनची शिखरं पडद्यावरच्या आलेखात कुठे यायला हवीत हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, ती पावडर. ती ठेवायची, यंत्र किती चुकतंय ते पाहायचं आणि ती चूक कॅलिब्रेशन फाइलमध्ये भरायची. मग पुढचा प्रत्येक नमुना त्या फाइलने दुरुस्त होऊन येतो. फाइल बरोबर तर सगळं बरोबर. चालू फाइल तुम्ही केलेली, लॅब नव्या जागेत हलवली त्या दिवशीची.

सोनपापडीच्या डब्यातून तुम्ही त्या पावडरीने भरून ठेवलेली ताटली काढली. तुम्ही ती कधी रिकामी करू द्यायचा नाहीत. "इतकी महाग पावडर, रोज रोज भरशील अन् सांडशील? भरेल आहे ते वापर." मी तिच्यावर काचपट्टी आडवी ठेवली आणि डोळा खाली नेऊन पाहिलं. पट्टीखालून उजेड दिसला. पावडर काठाच्या खाली बसलीय, आपा. केसाएवढी, पण बसलीय.

तेव्हा ती रिक्षा आठवली. सामान टेम्पोतून गेलं, पण ही ताटली तुम्ही कोणाच्या हाती दिली नाहीत. ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलीत. रस्ता तो तसला. प्रत्येक खड्ड्याला तुम्ही रिक्षावाल्याला म्हणायचा, "आहिस्ता भाई, पोट्टं झोपून हाये." मी शेजारी बसून हसत होते. तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत. नव्या खोलीत शिरल्याबरोबर, पाणीसुद्धा न पिता, तुम्ही तीच ताटली यंत्रात लावली आणि फाइल करून मोकळ्या झालात.

पुन्हा भरली का नाहीत हो? एवढी माया पावडरीवर कशाला केलीत?

पावडर काठाच्या खाली बसली की किरण खालच्या पातळीवरून परततात, म्हणजे त्या दिवशी शिखरं सरकली असणार. यंत्र ठीक होतं आणि आपण त्याला चूक शिकवली असणार. क्वार्ट्झ मोजायला आपण सॉफ्टवेअरला एक अरुंद पट्टा आखून दिलाय. शिखर सरकलं की अर्धं त्या पट्ट्याबाहेर पडतं आणि आकडा कमी येतो. कमी म्हणजे मर्यादेच्या आत. म्हणजे गजूची धूळ चांगली.

म्हणून आज मी बरणी उघडली. दुसऱ्या ताटलीत नवी पावडर भरली, काठाबरोबर. थोडी सांडली, तुम्ही ओरडला असता. आता तीच आत आहे आणि फाइल तुमचीच लावलीय. शिखर जागेवर आलं तर तुम्ही बरोबर होता आणि मी उगाच भ्याले. मग गजूचा खोकला दुसऱ्या कशाचा तरी असेल. आपा, ते यावं म्हणून मी मघापासून मनातल्या मनात देवाला आणि तुमच्या अल्लाला दोघांनाही विनवतेय. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

थांबा, पहिलं शिखर येतंय.

जागेवर नाही.

दुसरंही नाही. त्याच बाजूला सरकलंय.

मी उठून पाणी प्यायले. मग तुमची फाइल काढून नवी केली आणि गजूचा फिल्टर लावला. आकडा तुम्हाला सांगत नाही. तुम्हाला तो न सांगताही कळेल.

गजूला फोन केला. "आजपासून तिथं जायचं नाही," म्हटलं. तो म्हणाला, "अवं पण आपाचा रिपोर्ट?" मी म्हटलं, "आपाची पावडर रिक्षात हलली." त्याला काही कळलं नाही. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला. मी फोन कानाला धरून तो थांबायची वाट पाहत राहिले. बराच वेळ थांबला नाही.

आपा, तुमच्या त्या फाइलवर जेवढे रिपोर्ट गेले ते सगळे मी परत बोलावणार आहे. त्या भिंतीवरचा मी स्वतः जाऊन काढीन. चूक कोणाची विचारतील तेव्हा तुमचं नाव घ्यावं लागेल. ते घेताना तुमची मांडीही सांगेन आणि ती ओढणीही. त्याने काही बदलणार नाही, तरी सांगेन. आणि आजपासून ताटली दर वेळी नवी भरीन. सांडली तर सांडली. उद्या गजूला छातीचा फोटो काढायला यवतमाळला नेतेय. त्या पडद्यासमोर माझ्याशेजारी उभ्या राहा, एवढंच मागते. मला एकटीने तो बघवणार नाही.

तुमची,
सुनी