गळ्यातल्या दोन किल्ल्या

बोटीवरून, ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीसच तर थोडा राग शिल्लक ठेव, पुढे लागेल.

नोकरी टिकलीय. टिकण्याचं कारण माझी अक्कल नाही, माझ्या बरगड्या. तू म्हणायचीस ना, याचा सदरा हँगरलासुद्धा सैल होईल? इथे माझं नावच काडी पडलंय. बोट मालाची, लहान, पण इंजिनं दोन. झाकण उघडलं की खाली खड्डा आणि त्यात दोघंही खांद्याला खांदा लावून बसलेत. दोन्ही अगदी एकसारखी, तीच तर पंचाईत. उजव्याचा पाण्याचा पंप मधल्या फटीत येतो, तिथे निदान हात पोचतो. डाव्याचा पंप बोटीच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसलाय. त्याच्या पोटात एक रबरी पंखा असतो, तो समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो. पंखा फाटला की इंजिन तापलंच. तो बदलायचा म्हणजे डाव्या इंजिनावर पालथं पडायचं, डोकं भिंतीच्या फटीत खाली सोडायचं आणि डोळ्यांचं काम बोटांनी करायचं. पाय मागे उजव्या इंजिनाच्या पट्ट्यावर येतात, इंजिन चालू झालं की तो गरगर फिरतो. पट्ट्यावर पूर्वी जाळी होती म्हणे, जागा व्हावी म्हणून कुणीतरी काढून फेकली.

आता आमचा मिस्त्री. सगळे गेंडा म्हणतात आणि तो ओ देतो. त्याला इंजिनातलं सगळं येतं, फक्त इंजिनापर्यंत जाता येत नाही, पोट आडवं येतं. म्हणून तो वर आणि मी खाली. मला वेळ लागला की रबरी नळीने तळव्यांवर मारतो. उलटं लटकलेल्या माणसाने करायचं काय? परवा एक स्क्रू निसटला तेव्हा इतकं मारलं की वर आल्यावर उभं राहता येईना. गुडघ्यांवर रांगत नळापर्यंत गेलो. कप्तान बघत होता. बाळ रांगायला लागलं, पेढे वाटा, म्हणाला.

आणि बोटीवर एक रीत आहे. खाली जाणाऱ्याने दोन्ही इंजिनांच्या किल्ल्या नाडीत ओवून गळ्यात घालायच्या, म्हणजे वरून कुणी चुकूनही चालू करणार नाही. गेंडा मला त्या देत नाही. मी खाली असताना किल्ली लावून अर्धी फिरवतो. टक्क आवाज येतो आणि माझ्या तळव्यांना घाम फुटतो. मग वरून त्याचं खो खो हसणं.

खाली माझ्या हातात मोठा पाना असतो, ताई. एक दिवस वर येईन तेव्हाही तो हातातच असेल, एवढं लिहून ठेवतो.

तुझी खोकल्याची बाटली संपली असेल तर नवी आण, कंजूषपणा करू नकोस. लांबून का होईना, जीव लावणारा,
तुझा काडी

घरून, ता. १३ फेब्रुवारी

चि. काडीस अनेक आशीर्वाद, आणि एक थप्पड उधार.

पत्र कारखान्यात वाचलं. शर्टांना काजं करत होते. पाना हा शब्द आला आणि मशीनची सुई थेट बोटात गेली. पांढऱ्या शर्टावर रक्ताचा डाग. मुकादमबाई केवढ्याने ओरडल्या. तेव्हा पहिलं बिल तुझ्या नावावर.

तू तेव्हा लहान होतास, म्हणून पुन्हा सांगते. बाबांच्या हातातही पानाच होता. समोरच्या माणसाने बाबांना वर्षभर छळलं होतं, अगदी खरं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण तो माणूस खाली पडला तो उठलाच नाही, आणि बाबा तुरुंगातून घरी आले ते चादरीत गुंडाळून. त्यांचं बरोबर होतं हे सांगायला मी फाटकाबाहेर किती वेळा उभी राहिले! बरोबर असण्याचा काही उपयोग होत नाही रे. तुझं नाक आईचं आहे, डोळे आईचे आहेत, हात मात्र बाबांचा उचललास. तोच हात मी धरून तुला शाळेत ओढत नेलं. तू चौथीत पळालास ते सोड.

आता नीट ऐक. किल्ल्या माग. हात जोडून नको, हात पुढे करून माग. नाही दिल्या तर खाली उतरूच नकोस. त्याला जमत असेल तर जाऊ दे त्याला. तुझ्या बरगड्या त्यांना हव्यात, मग त्यांनी त्या जपाव्यात.

आपल्या जिन्याखालच्या सायकलवाल्याने तुझी खुशाली विचारली. मजेत आहे, असं खोटंच सांगितलं.

माया कमी होऊ देऊ नकोस, राग होऊ दे.
तुझी ताई

बोटीवरून, ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. हात पुढे केला. गेंड्याने त्या हातावर थुंकून पुन्हा खाली बोट दाखवलं. मी उतरलो नाही. त्याने मानगुटीला धरून झाकणाच्या कडेवर माझं तोंड आपटलं. भुवई फुटली, एका डोळ्यात सगळं लाल. मी त्याच्या दंडाला चावलो. त्याने पाठीत गुद्दे घातले, केस उपटले, पण मी दात सोडले नाहीत. तोंडात त्याचं रक्त आलं, ते खारट लागतं आणि मागाहून ऑइलसारखं. शेवटी कप्तानाने कुत्र्यांवर ओततात तसं आमच्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि माल उतरवायला उशीर होतोय म्हणून गेंड्यालाच शिव्या घातल्या. किल्ल्या मिळाल्या. गळ्यात घालून खाली गेलो, पंखा बदलला, तळव्यांना कुणी हात लावला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर हे पत्र आनंदाचं झालं असतं. चार दिवसांनी मी झाकणाच्या कडेला डावा हात ठेवून वर येत होतो आणि गेंड्याने झाकण सोडलं. हातातून निसटलं म्हणे. लोखंडाचं झाकण, ताई. दोन बोटं वांग्यासारखी झालीत, एकाचं नख गेलं. मी ओरडलो तेव्हा तो दंडावरचा माझा चावा चोळत उभा होता.

पण त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. माझी बोटं चालत नाहीत, म्हणजे पुढचा पंखा फाटला की खाली त्यालाच जावं लागणार. आणि त्याची मान इतकी जाड की नाडी डोक्यातून जात नाही. किल्ल्या वर राहतील, माझ्याजवळ. त्याचे पाय त्या उघड्या पट्ट्यावर असतील. मला हल्ली झोप येत नाही. रागाने नाही, आनंदाने.

या वेळी उपदेश लिहू नकोस. जीव आहे तोवर तुझाच,
काडी

घरून, ता. ५ मार्च

चि. काडीस आशीर्वाद.

उपदेश लिहीत नाही. एकच गोष्ट लिहिते, जी तुला कधी सांगितली नाही. त्या सकाळी बाबाही आनंदात होते. आरशासमोर गुणगुणत दाढी केली, मला दोनदा हाक मारून चहा चांगला झालाय म्हणाले. मला वाटलं, चला, भांडण मिटलं.

तू त्याला चाव. लाथ मार. पुन्हा बादली ओतू दे. पण किल्ली फिरवलीस तर इकडे येऊ नकोस. त्या फाटकाबाहेर मी पुन्हा उभी राहणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. हे लिहिताना मी रडत नाहीये, म्हणून हे खरं धर.

बोटांना हळद लाव. उत्तराची वाट बघते, हे वेगळं सांगायला हवं का?
ताई

दवाखान्यातून, ता. २१ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही हे तू ओळखलं असशीलच. डावा हात तसाच आहे आणि उजवा कोपरापर्यंत बांधलाय. मी सांगतोय आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस लिहितोय. तो माणूस कोण ते शेवटी सांगतो, नाहीतर तू आत्ताच पत्र फाडशील.

मंगळवारी भर दुपारी डाव्या इंजिनाचा पंखा फाटला. डावं तापून बंद पडलं. रीतीप्रमाणे उजवंही बंद केलं आणि गेंडा कुथत कुथत खाली गेला. किल्ल्या गळ्यात घालायला बघितलं, नाडी कानांवर अडकली. मग त्याने त्या माझ्याकडे फेकल्या. फेकताना माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं.

वारा आम्हाला दगडी बांधाकडे ढकलत होता. गेंडा पालथा पडला, डोकं फटीत घातलं आणि अडकला. शर्ट कुठल्याशा बोल्टमध्ये, पोट इंजिन आणि भिंतीच्या मध्ये. पाय उजव्याच्या पट्ट्यावर लाथा झाडत होते. कप्तान सुकाणूवरून बोंबलला की उजवं चालू कर, बांध जवळ आला. मी ओरडून सांगितलं की माणूस आत अडकलाय. त्यावर तो म्हणाला, पाय गेला तर पाय जाईल, बोट गेली तर मी जाईन, फिरव किल्ली.

ताई, मी किल्ली लावली. अर्धी फिरवली. टक्क आवाज झाला. खाली गेंड्याचे पाय एकदम थांबले. मला त्याचे तळवे दिसत होते, चपला निघाल्या होत्या, आणि ते तळवे घामाने चमकत होते. माझे चमकायचे तसेच.

(हे वाक्य लिहून लिहिणारा थांबला. मग पुढे सांग म्हणाला.)

मी किल्ली काढली आणि नाडी गळ्यात घातली. तोवर कप्तान धावत आला, माझा गळा धरला आणि नाडी ओढायला लागला. मग मात्र बाबांचा हात उठला, ताई. मूठ वळून त्याच्या तोंडावर मारली, मग पुन्हा मारली. त्याचे पुढचे दात माझ्या बोटांच्या पेरांत रुतले. तो कोसळला. माझ्या दुसऱ्या हातात पाना नव्हता, पण पायाजवळ पडलेला दिसत होता. मी नाडी गळ्यातून काढली आणि दोन्ही किल्ल्या समुद्रात फेकल्या. म्हणजे त्याला नको आणि मलाही नको.

मग खाली उडी मारली. उजवा हात त्याच्या पोटाखाली घालून शर्ट फाडत होतो तेवढ्यात बोट बांधावर आदळली. भिंत आत आली. माझ्या हाताचा आवाज मी ऐकला, दुखणं मागाहून आलं. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. शर्ट फाटला आणि मी दातांनी त्याची पँट धरून त्याला मागे ओढला. तो शिव्या देत होता, मी दात आवळून होतो. वर आलो तेव्हा बोट कलली होती आणि कप्तान दगडांवर बसून रक्त थुंकत होता.

उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांनी काढून टाकली.

कप्तान पोलिसाला घेऊन आला होता. काडीने मारलं म्हणाला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पोलिसाला सांगितलं की मारलंच, मी खालून ऐकलं. आता का मारलं तेही या कप्तानाच्याच तोंडून माझ्यासमोर विचारा. कप्तान दात दुखतात म्हणून जो गेला तो परत आला नाही. पोलीस दोनदा येऊन लिहून घेऊन गेला, मला नेलं नाही. नेणार नाही म्हणाला.

तर ताई, मी किल्ली अर्धीच फिरवली. अर्ध्याला तू काय म्हणतेस? घरी येऊ का नको, ते कळव.

तुझाच,
काडी

ता. क. ताईंना नमस्कार. मी गेंडा. तो सांगेल तसंच लिहिलंय, माझ्याबद्दलच्या शिव्या गाळल्यात, फार होत्या. झाकण हातातून निसटलं नव्हतं. तुम्ही त्याला बोलावून घ्या. इथे तो खिडकीकडे बघत बसतो. त्याला भरवायचं काम सध्या माझ्याकडे आहे, आणि दंडाला चावणारा माणूस चमच्यालाही चावतो.

घरून, ता. २९ मार्च

चि. काडीस खूप खूप आशीर्वाद.

पोलीस नेणार नाही ही ओळ मी आधी वाचली आणि जिन्यातच बसले. सायकलवाल्याने पाणी आणून दिलं. मग बाकीचं वाचलं.

अर्ध्याला मी काय म्हणते? बाबा आरशासमोर गुणगुणत होते तेव्हा त्यांची अर्धी फिरवून झाली होती. तिथून परत येता येतं हे मला कुणीतरी दाखवायला हवं होतं. ये. पहिल्या गाडीने ये. मुकादमबाईंना विचारलंय, काजाच्या मशीनला तीन बोटं पुरतात. नाक मुरडू नकोस, बायकांचं काम म्हणशील तर उरलेली मोडीन.

श्री. गेंडेराव यांस,

अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे. त्याला एकट्याने प्रवास जमणार नाही, तेव्हा पोचवायला तुम्हीच या, बरगड्या सांभाळून. दोघांचा स्वयंपाक करून ठेवते. पोलिसाला खरं सांगितलंत, त्याबद्दल जेवण. झाकणाबद्दल आणि रबरी नळीबद्दल मी काही विसरलेली नाही. आमच्याकडे चपला दाराबाहेर काढतात. आत येताना तळवे जपा.

वाट बघते,
ताई