संशय घेतात

प्रिय छोटी,

रागातच लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

पाळणाघरातल्या त्या मुलीच्या तपासणीचा निकाल आला. तिचं रक्त नीट गोठत नाही, म्हणून जरासा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडतात. तिची आई सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं." मोठ्या बाईंनीही कामावर परत बोलावलं. मी नाही म्हटलं.

झबलं बदलताना तिच्या दंडावरचे डाग आधी मीच पाहिले आणि मीच दाखवले. तिथेच माझ्यावर बालंट आलं. तिच्या आईने मला तोंडावर विचारलं, चिमटे काढता का म्हणून. तिचा मला राग नाही. आईच ती, तिला शंका येणारच. शंका आपोआप येते गं, विचारली की फिटते. संशय मात्र येत नाही, तो घेतात. माझ्याबरोबर इतकी वर्षं लंगोट धुणाऱ्या बायकांनी तो घेतला. कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. मी बाळ उचललं की एकजण उगाच येऊन शेजारी उभी राहायची. शेवटी चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले, ती पोटभर रडायला. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, तापात तुला मांडीवर घेऊन बसले. दुसरं कुठे जाणार होते? तुझा लेक हात वर करत धावत आला. मी उचलला, तोच तू आलीस, त्याला अंघोळ घालायचीय म्हणालीस आणि माझ्या कडेवरून काढून घेतलास. दार अर्धवट उघडं होतं. आत तू त्याच्या बाह्या वर करून दंड पाहत होतीस. मग सदरा काढून पाठ पाहिलीस. पाणी काही तापलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि न रडताच निघाले.

काल तुझा फोन आला. तुझी नोकरी सुरू होतेय, मी आता घरीच आहे, तर लेकाला सांभाळशील का, असं विचारलंस. वर म्हणालीस, "आम्ही तुझ्यावर कधी संशय घेतलाच नाही, ताई." त्या एका वाक्यासाठी हे पत्र. सांभाळीन त्याला, त्याचा काय दोष? पण पहिल्या दिवशी तू स्वतः त्याला घेऊन ये. उंबऱ्याबाहेर उभी राहा आणि त्या दिवशी जे विचारलं नाहीस, ते माझ्या डोळ्यांत बघून विचार. मी उत्तर देईन. मग त्याला माझ्या कडेवर दे.

अजूनही तुझीच,
ताई