शेझी सावुबोना म्हणत नाही

६ मे
नवा साहेब आला. शेझी नाव. तिशीही न ओलांडलेलं पोर, बगलेत कागद. माझ्यासमोरून गेला – साधा नमस्कारसुद्धा नाही, सावुबोना नाही. बावीस वर्षं या बागेत माती उकरतेय मी. मोठ्या बाईला 'सावुबोना, मा' म्हणताना काय जीभ झिजते? रागाच्या भरात पॅन्सीच्या दोन ओळी वाकड्या लावल्या.

७ मे
आजही नाही म्हणाला.

११ जून
फाटकाजवळचं उम्लाहलांकोसीचं झाड तोडायचं म्हणे! 'पोरांना काटे लागतात, मा. तिथे गुलाब लावू.' गुलाबाला काय कापूस लागतो?

समोर दवाखाना आहे, दिसत नाही त्याला? तिथे माणूस गेलं की घरचे याच झाडाची फांदी घेतात, खाटेपाशी जाऊन म्हणतात, 'चल, घरी जाऊ.' गेलेल्याचा जीव फांदीवर बसवून गावी नेतात. टॅक्सीत फांदीची जागा वेगळी. आणि नेणारा वाटेत कुणाशी बोलत नाही. बोलला की गेलेलं माणूस तिथेच अडकलं. हे मी शिकवायचं? तो काय परका आहे? म्हणे, 'डोंगरात हवी तेवढी झाडं आहेत.' रडणाऱ्या माणसाने आधी डोंगर चढायचा का?

२ जुलै
ऐन हिवाळा. हिम पडून जास्वंद काळी पडली. सकाळी एक म्हातारेबाबा फांदी घेऊन गेले. माझ्याबरोबरची थोकोझिले एरवी दगडालाही बोलतं करील, पण तीही मान खाली घालून गप्प बसली.

२३ ऑगस्ट
अझेलिया फुलली. अख्खी उतरण गुलाबी. लोक फोटोसाठी वाफ्यात पाय देतात, मी ओरडून ओरडून बेजार. शेझी बघतसुद्धा नाही. दुपारी गायबच होतो. थोकोझिले म्हणते, 'असेल कुणी बाई.' म्हटलं, 'तिला तरी सावुबोना म्हणतो का, विचार.'

झाडावर तांबडी खूण केलीय. पुढच्या महिनाअखेरपर्यंत तोडायचं.

९ सप्टेंबर
तोंडावर सांगितलं, 'करवत आधी माझ्यावर चालव.' म्हणाला, 'वरून हुकूम आहे, मा.' डोळे लाल. पीत असणार मेला. झाडाला कोवळी पालवी आलीय, ती दिसायला नजर लागते.

१८ सप्टेंबर
आज डोकंच फिरलं. सकाळी रस्ता ओलांडून फाटकातून आपल्या गाडीकडे निघाला, अंगाला घासून गेला, तरी शब्द नाही. मी कोटाची बाही धरली. 'कुठल्या आईने वाढवलं रे तुला? आज सावुबोना म्हटल्याशिवाय सोडणार नाही.' तो बाही सोडवत होता, ओठ घट्ट मिटलेले. मी आणखी आवळून धरली. दहा माणसं बघत होती.

'सावुबोना, मा,' म्हणाला.

मग कोट उघडा पडला. आत छातीशी धरलेली हातभर काटेरी फांदी. थोकोझिले मागून म्हणाली, 'हे काय केलंस गं.' मी हात सोडला. तो तिथेच उभा राहिला. पुढे जाईना, मागे जाईना.

१९ सप्टेंबर
दवाखान्यातली झाडूवाली सांगत होती. शेझी नवी फांदी घेऊन पुन्हा आई गेली त्याच खाटेपाशी बसलाय. तिला हाका मारतोय. म्हणतो, ती उठत नाही, रुसलीय.