नाकावरच्या बारा पट्ट्या

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
विमान दुरुस्ती कारखाना

विषय : रेडोमवर बारा वीजपट्ट्या लावण्याचा आदेश मागे घेऊन सहा तुटक पट्ट्यांस मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला ३ तारखेचा आदेश. २) कॅप्टनसाहेबांची ९ तारखेची तक्रार (तोंडी, परंतु मोठ्याने).

महोदय,

१. अर्जदार गेली अठरा वर्षे या कारखान्यात विमानांच्या नाकांची निगा राखतो. या नाकाला रेडोम म्हणतात. ते धातूचे नसते, कारण आत बसलेल्या रडारच्या अँटेनाला त्याच्या आरपार पुढचे ढग पाहायचे असतात. मात्र अशा नाकाला वीज भोक पाडते. म्हणून बाहेरून धातूच्या पट्ट्या चिकटवतात. वीज त्यांवरून विमानाच्या अंगावर निघून जाते. पट्ट्या लावणे हे अर्जदाराचे काम. अँटेना तपासणे हे भिंतीपलीकडच्या विभागाचे, आणि त्या विभागाच्या प्रमुख अर्जदाराच्या पत्नी आहेत.

२. गेल्या महिन्यात एका रेडोमला विजेने लिंबाएवढे भोक पाडले. त्यावर आपण सहाच्या बारा पट्ट्या करण्याचा आदेश दिलात. अर्जदाराने तो हुकुमाबरहुकूम पाळला. पत्नींनी चाचणी घेतली आणि विचारले, "अहो, रडार आहे ते, कैदी नाही. गजाआड का घातलंत त्याला?" अर्जदार म्हणाला, "साहेबांचा हुकूम आहे." हे उत्तर अर्जदारास आजतागायत महागात पडत आहे. त्यांचा प्रतिकूल अहवाल आपल्या कार्यालयाने 'कौटुंबिक मतभेद' असा शेरा मारून परत पाठवला. तेव्हापासून घरी अर्जदाराशी फक्त कामापुरते बोलले जाते, आणि काम फारसे निघत नाही.

३. दि. ९ रोजी चाचणी उड्डाण झाले. आभाळ निरभ्र होते, पण रडारवर समोर ढग दिसत होता. कॅप्टनसाहेब उजवीकडे वळले, ढगही वळला. डावीकडे वळले, तोही वळला. अखेर ते अर्ध्यातून परतले आणि थेट कार्यशाळेत आले. "काका, ढगाला बगल देता येते. तुमच्या पट्ट्यांना कशी देऊ? आज नसलेला ढग दिसला. उद्या असलेला दिसला नाही तर?" त्या दिवशी अर्जदाराने डबा न उघडताच घरी नेला.

४. यानंतर आपल्या कार्यालयाने दोन तोडगे सुचविले. पहिला, पट्ट्या राहू द्याव्यात व अँटेना थोडा मागे सरकवावा. मागे कॅप्टनसाहेबांचे पाय असतात. दुसरा, वैमानिकांनी सदर ढग ओळखीचा समजून त्याकडे दुर्लक्ष करावे. त्यावर कॅप्टनसाहेब जे बोलले ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही.

५. शेवटी परवा अर्जदार स्वतः भिंतीपलीकडे गेला व म्हणाला, "चुकलं माझं. आता मार्ग सांग." पत्नी म्हणाल्या, "पट्ट्या काढा असं मी कधी म्हटलं? सलग नको, तुटक लावा. आणि अँटेनाच्या तोंडासमोर एकही नको." तुटक पट्टी म्हणजे थोडे अंतर सोडून ओळीने बसवलेल्या धातूच्या टिकल्या. वीज टिकलीवरून टिकलीवर उडी मारते आणि रडारला फारशी आडकाठी होत नाही. दिवसभर त्या बोट दाखवत गेल्या, अर्जदार चिकटवत गेला. प्रयोगशाळेत कृत्रिम वीज वीस वेळा पाडली. भोक एकदाही पडले नाही. अँटेनाही चाचणीत उत्तीर्ण झाला.

चिकटवता चिकटवता अर्जदाराने पत्नींना जे सांगितले, ते आपणासही सांगणे भाग आहे. ते लिंबाएवढे भोक पट्ट्या कमी होत्या म्हणून पडले नव्हते. एका पट्टीचे टोक सुटले होते, आणि ते तपासणे अर्जदाराचे काम होते. आपला आदेश आला तेव्हा सुटलो असे वाटून अर्जदार गप्प बसला. त्याबद्दल जी शिक्षा व्हावयाची ती व्हावी. पत्नींनी ऐकून घेतले आणि "टोकं नीट दाबा," एवढेच म्हणाल्या.

६. तरी आदेशाचा फेरविचार व्हावा. शनिवारच्या चाचणी उड्डाणात बसण्यास अर्जदार व पत्नी दोघेही तयार आहेत. जागा शेजारीशेजारी मिळाव्यात. ही शेवटची विनंती पत्नींची आहे.

आपला नम्र, आणि आता पुरेसा नमलेला,
(सही)
वरिष्ठ कारागीर, वीजसंरक्षण विभाग
दिनांक : १४ जून

सोबत : १) वीजचाचणीचा अहवाल. २) अँटेना विभागाचा अहवाल, परत आलेल्या मूळ प्रतीसह.