कपाटाच्या पायाशी पाणी मुरतंय

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरीणबाईंचा दवाखाना जोरात असेलच, लोकांना आजारी पडायला हल्ली वेळ बराच मिळतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तू म्हणशील, ताईने फोन का नाही केला. फोन बैठकीच्या खोलीत तुझ्या भावोजींच्या खुर्चीशेजारी असतो, आणि या घरात सध्या कोण कोणाच्या बाजूचं आहे याची मला खात्री उरलेली नाही. (हे पत्रही पाकिटात जाण्याआधी ते वाचणार आहेत. शुद्धलेखन तपासण्याच्या नावाखाली लग्नापासून माझी पत्रं वाचत आलेत. वाचू देत. यात लपवण्यासारखं काही नाही.)

तर मुद्दा असा, की बाबांच्या काचेच्या कपाटाला बुरशी लागली आहे. बसला असशील तर उठू नकोस, गुडघा दुखेल. बाबा गेल्यावर ते कपाट माझ्याकडे आलं ते एका अटीवर, की मी नीट ठेवलं नाही तर ते तुमच्याकडे जाईल. ही अट तुझ्या बायकोने घातली होती, हसत हसत. डॉक्टर लोक सुईसुद्धा हसत हसतच टोचतात. निघताना कपाटावरून हात फिरवून ती म्हणाली होती, "जपा हं ताई, लाकडाला ओल चालत नाही." तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की या बाईला काहीतरी माहीत आहे. माझा तिच्यावर आरोप नाही. ती चार तासांच्या अंतरावर राहते, एवढीच तिची जमेची बाजू.

आधी वास आला. ओले मोजे पेटीत घालून विसरल्यावर येतो तसा. तुझे भावोजी म्हणाले, कसलाही वास येत नाही. ज्या माणसाला फाटकाशी उभं राहून आत दूध करपल्याचं कळतं, त्याला नाकाखालचा वास येऊ नये? मी कपाटाजवळचं कार्पेट उचललं, तर खाली हिरवट काळ्या ठिपक्यांची बेटंच्या बेटं, आणि ती सरकत सरकत कपाटाच्या पुढच्या पायावर चढलेली. ह्यांनी आयुष्यभर नकाशे काढले, म्हणून विचारलं, हा कुठला देश ते सांगा. म्हणाले, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

माझा पहिला संशय वरचीवर. (वरची म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारी, पांढऱ्या चपलांची. तिच्या खिडकीत कुंड्यांची रांग आहे.) मी वर गेले आणि अत्यंत सभ्य भाषेत तिला विचारलं, की आपण झाडांना पाणी घालता की आमच्या घराला. तर झाडं प्लास्टिकची निघाली. तिने एक पान माझ्या हातात देऊन ओढायला लावलं. पण जी बाई प्लास्टिकच्या झाडांवर धूळ बसू देत नाही, ती ती झाडं बादलीभर पाण्याने धूतही असेल, हे मी तिला ऐकवून आले. आता तू म्हणशील, पाणी वरून आलं असतं तर छताने चुगली केली असती. छत कोरडं आहे, कबूल. भिंतही कोरडी आहे. प्लंबरला बोलावलं, तो भिंत फोडून आतला पाइप बघू म्हणाला. त्या भिंतीत पाइपच नाही हे ह्यांनी नकाशा काढून दाखवावं असं मी सुचवलं, तर हे म्हणाले, तूच तोंडी सांग, तुला जास्त चांगलं जमतं.

मग कार्पेटवाला आला. त्याच्याकडे हत्तीच्या सोंडेसारखं यंत्र होतं. त्याने कार्पेटवर फेसाचं पाणी ओतलं आणि मला म्हणाला, "ताई, ओलं करूनच ओल जाते." मी त्याला दार दाखवलं. ओल्या कार्पेटला आणखी ओलं करणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक आजच दिसत असतं.

शेवटी कॉन्व्हेंटची शाळा कामाला आली. आमच्या गृहव्यवस्थेच्या सिस्टर सांगायच्या, घर स्वच्छ ठेवायला साबण लागतो, ऊन लागतं आणि शंका लागते. तोंडाला फडकं बांधलं. कार्पेटखालचा स्पंज कुजला होता, तो कापून पिशवीत घालून तोंड आवळून फेकला. कार्पेट ओढत गॅलरीत नेलं आणि तिथे घासलं, कारण घरात घासलं तर बुरशी उडते आणि पडद्यांत जाऊन बसते. (पाहुण्यांसारखी. घालवायची तर एकदम घराबाहेर, नाहीतर या खोलीतून त्या खोलीत.) मग व्हिनेगर शिंपडून थांबले, पुसलं, उन्हात कडकडीत वाळवलं, वासासाठी खायचा सोडा भुरभुरवून झटकला. कपाटाचा पाय आधी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने, मग व्हिनेगरने, लाकडाच्या रेघेरेघेने पुसला, पंखा लावून सुकवला, बारीक पॉलिशपेपर फिरवला. ब्लीच लावा म्हणून सल्ला देणारे पुष्कळ भेटले. लाकडावर ब्लीच म्हणजे वरवरची माफी, रंग जातो आणि मूळ आत राहतं. आणि बुरशी न काढता वरून पॉलिश मारणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर. कोरड्या लाकडावर मात्र मी स्वतः पॉलिश केलं. बाबांनी पाहिलं असतं तर चकार शब्द बोलले नसते, म्हणजे खूश झाले असते.

आणि चार दिवसांनी पाय पुन्हा ओला. त्याच जागी.

तुला आठवतं का, मराठीच्या पेपरात मला 'पाणी मुरणे' याचा अर्थ विचारला होता? आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सिस्टर स्वतःच मराठी शिकत होत्या. मी लिहिलं, 'पाणी मुरले की बुरशी येते व फर्निचर खराब होते.' शून्य मार्क मिळाले. घरी तू तर आठवडाभर हसत होतास. आता ये आणि बघ. या घरात अक्षरशः पाणी मुरतंय. मला माझा मार्क हवा आहे.

सगळ्यांत संशयास्पद काय असेल तर तुझ्या भावोजींची दया. मी वरचीवर बोलले की म्हणतात, जाऊ दे, ती बिचारी कशाला पाणी सांडेल. कार्पेटवाल्यावर बोलले तर तोही बिचारा. एका घरात इतके बिचारे मी कधी पाहिले नव्हते. कार्पेट टाकून दे म्हणतात, लाकूड आपोआप वाळतं म्हणतात. मी म्हटलं, निदान तुमची खुर्ची कपाटाजवळून हलवा, मला तिथे नीट पुसता येईल. तर म्हणे, इथे वाचायला उजेड चांगला येतो. आता वाचन कसलं, तर पेपर टेबलावर पसरून वाचतात, हातात धरत नाहीत. बातम्या जड झाल्यात म्हणतात. शब्दकोडं ते सांगतात आणि मी भरते, का तर माझं अक्षर कॉन्व्हेंटचं. निवृत्त माणसाचा आळस, दुसरं काय.

तेव्हा एखाद्या रविवारी ये, कपाट डोळ्यांनी बघ, आणि घरी जाऊन साक्ष दे की ताईच्या हेळसांडीने हे झालेलं नाही. वरचीचा बंदोबस्त मी करते आहेच.

कळावे. लोभ आहेच, तो कपाटावर ठेवू नये.

तुझी,
ताई

ता.क. ह्यांनी पत्र वाचलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत म्हणाले. पूर्वी लाल पेनने दुरुस्त करायचे, आज बोट ठेवून दाखवले आणि म्हणाले, पाकीट तूच बंद कर. वरचीवर अन्याय करते आहेस हेही म्हणाले. तिकीट आणते म्हणून मी बाहेर पडले. हे पोस्टाच्या खिडकीशी, दोरीला बांधलेल्या पेनने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

ता.क. २. वरची निर्दोष आहे. परवा दुपारी मी मधल्या दारात होते, आणि कपाटाच्या काचेत मला ह्यांची खुर्ची दिसली. ह्यांनी स्टुलावरचा पेला उचलला. हात थरथरायला लागला, तेव्हा दुसऱ्या हाताने मनगट धरलं, रस्ता ओलांडताना आपण लहान मुलाचं धरतो तसं. अर्धं पाणी तोंडात गेलं, अर्धं खाली. मग पायाने कार्पेटचं टोक त्यावर सरकवलं, पेपर पुढे घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले. धाकट्या, ते ऑफिसात पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचे. नवी पोरं बघायला जमायची. मी स्वयंपाकघरात परत गेले, मुद्दाम एक झाकण पाडलं, खोकले, आणि बाहेर येऊन मोठ्याने म्हटलं, वरचीने पुन्हा पाणी सोडलं वाटतं. हे म्हणाले, "बिचारी."

मग मला वर जाऊन भांडणं भागच होतं. दारातच तिला हळू आवाजात सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता खाली ऐकू जाईल असं बोलायचं आहे. तिने इतकं सुंदर भांडण केलं की मध्ये मध्ये मला खरंच राग आला. जाताना प्लास्टिकचं एक फूल दिलं.

ता.क. ३. तू एकटा येऊ नकोस. बायकोला घेऊन ये. दवाखान्याची पिशवी नको, गळ्यात ती नळी नको, ती कपाट बघायला आली आहे. चहा मी कप अर्धेच भरून देईन. तिने ह्यांच्या हाताकडे बघावं, तोंडाकडे नाही, आणि ह्यांच्यासमोर काही विचारू नये. मला जे सांगायचं ते स्वयंपाकघरात सांगावं आणि सरळ सांगावं. लाकडाला ओल चालत नाही हे सरळ सांगितलं होतं ना, तसंच.

ता.क. ४. जाताना तिने कपाट न्यावं, माझी हरकत नाही. मात्र नेताना मी आडवी येईन, बाबांचं नाव काढीन, तिला दोन शब्द लागतील असं बोलेन. तिने मनावर घेऊ नये. मी न भांडता कपाट दिलं तर ह्यांना संशय येईल.