दोनशे सारखे कावळे

भेस्तान, सुरत
रविवार, ८ डिसेंबर १९९६

चि. निंबा यास,

अनेक आशीर्वाद. मी ठीक, काकू ठीक, तूही ठीक असावास असं धरून चालतो.

उत्तराला उशीर झाला, ह्याचं कारण माझ्या लेंग्याची नाडी. हसू नकोस. अर्ध्या देशाच्या अंगावर कापड चढवणाऱ्या ह्या शहरात, गेल्या आठवड्यात, एका शिक्षकाच्या लेंग्याची नाडी नेफ्यात शिरली ती शिरलीच. काकू माहेरी. सेफ्टी पिन लावून ओढायला गेलो, तर पिन आतच उघडली आणि नाडीच्या सोबतीला जाऊन बसली. शेवटी टॉवेल गुंडाळून शेजाऱ्याचं दार ठोठावलं. तो हिरेवाला. आयुष्यभर धुळीएवढ्या खड्याला पैलू पाडतो, पण एका नाडीपुढे हात टेकले. म्हणाला, "मास्तर, नवो लई लो ने." नवा घ्या! ह्या देशाचं जे वाटोळं व्हायचंय ते ह्याच वाक्याने होणार आहे. अशा अवस्थेत माणसाने पत्र लिहावं कसं?

असो. तुझं पुष्करचं कार्ड मिळालं. गोव्याहून पाठवलंस, हंपीहून पाठवलंस, त्या दोन्हींवर समुद्र होता, देऊळ होतं, एका जर्मनाला तीन टी-शर्ट विकून त्याची बासरी घेतल्याची बढाई होती, फक्त पत्ता नव्हता. ह्यावर आहे. धर्मशाळेचं नाव, आणि खाली तुझ्या त्या पाल चालून गेल्यासारख्या अक्षरात: "मास्तर, हेमराजचा राग गेला का, एका ओळीत कळवा. तो ये म्हणाला तर संक्रांतीला सुरतेत, नाहीतर पुढे जैसलमेर."

एका ओळीत. तुमच्या टी-शर्टांच्या पाठीवरच्या ओळी मीच लिहितो, हे खरं. 'धुऊन बघा, मी आहे तिथेच' ही माझी. 'ह्यात माझा काही दोष नाही' हीसुद्धा माझीच, आणि ती घालून कोण्या पोराने बापासमोर नापास झाल्याचं सांगितलं, त्याचं श्रेयही मी घेतो. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत बसेना. म्हणून सावकाश वाच.

तुमचं भांडण पांडेसऱ्याच्या चाळीत अजून रंगवून सांगतात. आता त्यात तू हेमराजवर पाना उगारलेला आहेस. खरं काय घडलं ते मी पाहिलंय, म्हणून लिहून ठेवतो, नाहीतर तूही उद्या चाळीची आवृत्ती खरी मानशील.

तू मुंबईहून मोठी ऑर्डर घेऊन आलास. नाचतच आलास. दोनशे टी-शर्ट, सगळ्यांवर तोच कावळा, आणि माल स्वच्छ हवा. हेमराज मिलमधून नुकताच आला होता, हात कोपरापर्यंत निळे. तो म्हणाला, "दोनशे सारखे कावळे कसे काढू? तो कावळा त्या डागावर बसला होता. डागच नाही तर तो बसंल कुठं?" आणि तू म्हणालास, "मग तूच बस त्या डागावर! तू कलाकार, आणि आम्ही काय तुझे हमाल?" पाना वगैरे काही नव्हता. तू थैलीत चाळीस टी-शर्ट कोंबलेस आणि स्टेशनवर गेलास. मी मध्ये पडलो नाही, कारण मला तुम्हा दोघांचंही पटत होतं. असा माणूस मध्ये पडून उपयोगाचा नसतो.

बाजारात डागी म्हणजे डाग पडलेला, किलोवर काढायचा माल. हेमराज म्हणायचा, डागी म्हणजे सुरुवात झालेला माल. तेलाचा थेंब दिसला की त्याला बैलाचा डोळा दिसायचा, गंजाच्या ओघळात तापीचं वळण. म्हणून तर तुम्ही धंद्याचं नाव 'डागी' ठेवलंत, आणि म्हणून तर त्यातले कोणतेही दोन एकसारखे नाहीत.

तू गेल्यावर श्रावणात काय झालं ते तुला ठाऊक नाही. नवा गठ्ठा आला होता, हेमराजने निवडून निवडून आणलेला, एकेक डाग म्हणजे लाख मोलाचा. तो रात्रपाळीला गेला आणि कुसुमला त्याची दया आली. नवरा एवढा राबतो, त्याला निदान कपडा तरी स्वच्छ मिळावा. तिने सोडा घातला, साबण लावला, धोपटण्याने धोपटलं, आणि सकाळी तो परत आला तेव्हा चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरेशुभ्र टी-शर्ट वाळत होते. कौतुकाने म्हणाली, "बठ्ठा धुई टाकात. कितला डाग व्हतात!"

लग्नाला सहा वर्षं झाली, तो दररोज काय करतो ते ती बघते. पण डाग दिसला की धुवायचा, हे तिच्या हातांना डोक्याच्या आधी कळतं. हेमराज ओरडला नाही. एक टी-शर्ट काढून टेबलावर पसरला, उलटा करून पाहिला आणि मी पोचलो तसा म्हणाला, "मास्तर, काय काढू आते? आठे ते काहीच नही."

मी खूप हसलो. तोही हसला. मग कुसुम हसायला लागली आणि हसता हसता रडली.

त्यानंतर एक दिवस गेलो तर त्याने कावळ्याची छपाईची जाळी तयार केलेली. तीच, तुझ्या ऑर्डरची. त्या धुतलेल्या टी-शर्टांवर तो छापत होता. दहा-बारा झाले होते. दोरीवर टांगलेले कावळे, सगळ्यांची मान एकाच बाजूला, जणू आमचे हेडमास्तर आलेत आणि वर्ग उभा राहिलाय. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबल मोकळं होतं. त्याला ते कावळे आवडले नाहीत, की तुझा राग पुन्हा आला, की तेव्हाच अंगात ताप होता, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

ताप होता, हे नंतर कळलं. मग डोळे पिवळे झाले. चाळीतल्या शहाण्यांनी त्याला भेस्तानच्या पलीकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. मीही गेलो, सुशिक्षित माणूस बरोबर हवा म्हणून. तिथे माझ्या शिक्षणाचा उपयोग चपला सांभाळण्यापुरता झाला. त्या बाबाने चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुवायला घेतले. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा त्याचा हिशेब. ह्याच्या हातांतून आधी निळा निघाला. मग लाल. मग मोरपंखी. बाबा मंत्र विसरला. आणि हेमराज, ज्याला धड बसवतही नव्हतं, म्हणाला, "बाबा, बाकीचे रंग राहू द्या. तेवढा पिवळा काढा."

बाबा काही पिवळा काढू शकला नाही. मग दवाखाना, सलाईन, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी, पुन्हा दवाखाना. दिवाळी तिथेच गेली.

निंबा, हेमराज गेला. सतरा नोव्हेंबरला, पहाटे. कुसुम आणि त्याचे वडील उखाबापू जवळ होते.

तुला कळवायचं कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं. तुझं कार्ड आलं ते त्यानंतर. म्हणजे तू राग गेला का विचारत होतास तेव्हा राग, लोभ, सगळंच गेलेलं होतं. नाडीचं मी खोटं सांगितलं नाही, ती खरंच आत गेली; पण ती काही इतके दिवस आत नव्हती.

आता तुझा प्रश्न. तो 'ये' म्हणाला का?

तसं काही म्हणाला नाही.

मला एक ओळ रचायला किती वेळ लागतो? कार्ड वाचलं त्याच क्षणी ती तयार झाली होती: 'शेवटी तुझंच नाव घेतलं, म्हणाला निंबाला बोलवा.' सुबक ओळ आहे, कुणाच्याही पाठीवर शोभेल. तू सुखाने रडला असतास. पण हेमराजच्या तोंडी मी कधी माझी ओळ घातली नाही. तो पुढे काढायचा, मी मागे लिहायचो. आता तो नाही म्हणून मी पुढच्या बाजूला येणार नाही.

जे म्हणाला तेवढं सांगतो. हंपीआधी तू एक उंटाचं चित्र असलेलं कार्डही पाठवलं होतंस, तेही बिनपत्त्याचं. ते त्याला दाखवलं तर म्हणाला, मागचा पाय चुकलाय. म्हटलं, अरे, फोटो आहे तो. तर म्हणे, "मग उंट चुकलाय." आणि दवाखान्यात एकदा, तुझा विषय नसताना, मध्येच त्याने विचारलं, "निंबा सोता आंगमा घालस का, का नुसता इकस?"

मी म्हटलं, स्वतःही घालतो, नुसता विकत नाही. मला माहीत नव्हतं. तू कळव. घालत नसलास तरी कळव.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, सुटला, काही मनात राहिलं नव्हतं. पांडेसऱ्याचा कावळा तो, जन्माचा भुकेला. त्याच्या साक्षीवर मी जात नाही. तूही जाऊ नकोस. तुमचं भांडण मिटलं होतं की नाही, हे आता मिटणार नाही. ते तसंच अंगावर घेऊन फिरावं लागेल, मलाही आणि तुलाही.

कुसुमने टेबल, जाळ्या, रंगाचे डबे कुणाला विकलेले नाहीत. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. तिने सांगितलं, दुसरा मालक परगावी आहे, त्याला विचारल्याशिवाय नाही. तेव्हा जैसलमेरला नंतर जा. संक्रांतीला ये. हे 'ये' हेमराजचं नाही, माझं आहे. दुय्यम माल आहे, चालवून घे.

आणखी एक. तुमच्याकडे दुखवटा सोडायला करतात ती गंधमुक्ती इथे पांडेसऱ्यातच झाली. भुसावळ पॅसेंजरने सगळे सोयरे आले होते. उखाबापूंना पाटावर बसवलं आणि दुखवट्याची टोपी, टॉवेल द्यायला एकेक जण पुढे येऊ लागला. एकजण मोठ्याने नाव पुकारत होता, कुणाची टोपी, कोणतं गाव. बापू मान खाली घालून बसलेले, एक टोपी चढत होती, एक उतरत होती. तुझे वडील गेल्यापासून तू ह्याच माणसाच्या ताटात जेवलास, तेव्हा तुझं नाव तिथे पुकारलं जायला हवं होतं. सकाळी बाजारात गेलो तेव्हा मी दोन टोप्या आणि दोन टॉवेल घेतले होते. माझी टोपी दिली. मग दुसरी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. पुकारणारा गोंधळला. बापूंनी त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.

"हाई कोनी शे?"

टोपी कुणाची, ते विचारत होते. मी जन्मात कधी अहिराणी बोललो नाही. म्हटलं, "निंबानी."

त्यांनी टोपी दोन्ही हातांनी नीट केली. मग पुढचा माणूस आला.

तुझ्याकडून एवढं राहिलं होतं. ते झालं आहे. त्याबद्दल मला पत्रात काही लिहू नकोस, आणि आल्यावर विचारू नकोस.

तुमच्या दोघांचा,
मधुकर मास्तर