कऱ्हेच्या काठी करमतंय

बारामती, मंगळवार

तीर्थरूप आईस,
अश्लेषाचा नमस्कार.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. हात बरा आहे. आम्ही काही जण दर रविवारी कऱ्हा नदी साफ करतो, तेव्हा परवा काच लागली, दोनच टाके पडले.

पहिल्या रविवारी काठावरच्या कुशाबाई आम्हाला म्हणाल्या होत्या, "फोटू झालं न्हवं? मग जावा आता." परवा त्यांनीच पदर फाडून माझा हात बांधला. मग विळा घेऊन पाण्यात उतरल्या आणि मुळांत अडकलेल्या जुन्या साड्या कापून काढल्या.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझ्याजवळ लातूरला बदलीचा अर्ज लिहिला आहे. पण आई, मला इथे करमायला लागलंय. अर्ज देण्याआधी एक रविवार येऊन जा.

तुझीच,
आशू